विरजणाचे ठिपके

कोऱ्या कागदावर पहिला ठिपका लावायला कुणी धजत नाही, हे ठिपकेबाईंना पंचवीस वर्षांच्या नोकरीत पक्कं कळून चुकलं होतं. माणसं येतात, खुर्च्या धरतात, भिंतीवर लावलेले आराखडे लांबूनच बघतात, हातात दिलेले लाल चिकट ठिपके चाळवत बसतात आणि एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. पहिला कोण, यातच अर्धा तास जातो. म्हणून बाईंनी एक युक्ती काढली होती. लोक यायच्या आधी विद्यार्थ्यांनीच प्रत्येक आराखड्यावर दोन-दोन ठिपके लावून ठेवायचे. त्यांच्यावर शिसपेन्सिलीची बारीक रेघ ओढायची, म्हणजे मोजणीआधी ते ओळखून काढून टाकता येतात. दुधाला चमचाभर विरजण लावावं तसं. वर्गात त्याला विरजणच म्हणत. बाईंना ठिपकेबाई हे नाव त्यावरूनच पडलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं.

तसं हल्ली त्यांना कशाचंच काही वाटत नव्हतं. नऊ महिन्यांपूर्वी नवरा गेला. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत होता. दुपारी चहाचा कप हातात घेतला आणि तो खाली ठेवायच्या आत माणूस संपला. तेव्हापासून बाई बधिर होत्या. दात काढायच्या आधी इंजेक्शन दिलं की गाल आपलाच असतो, पण आपला वाटत नाही; हात लावला तर हाताला कळतं, गालाला कळत नाही. तसं. रडू यायला हवं होतं, ते आलं नाही. लोक म्हणाले, येईल हळूहळू. बाईंनी काही दिवस वाट पाहिली, मग तेही सोडून दिलं. सकाळी वेळेवर कॉलेजात जायचं, साडेतीनला घरी यायचं, कपाटं लावायची, जेवायचं आणि झोपायचं. झोप मात्र छान लागत होती, आणि त्याचीही त्यांना लाज वाटत नव्हती.

घरात त्या आणि सासूबाई, दोघीच. मूलबाळ नव्हतं. दोघींत भांडण नव्हतं, कधी नव्हतंच. नवरा गेल्यावर एवढंच कळलं की इतकी वर्षं दोघी एकमेकींशी बोलत होत्या त्या त्याच्यामार्फत. आता तो नव्हता, तर बोलायला उरलं होतं दूध, किल्ली आणि रक्तदाबाची गोळी.

"आई, गोळी घेतली?"

"घेतली."

संपलं संभाषण. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

सासूबाई दुपारी एकला पिशवी घेऊन निघत आणि सहाला परतत. दोन गल्ल्या ओलांडून सरकारी दवाखाना होता, त्याच्या तळमजल्यावर एक मोठी खोली होती. तिला सगळे दुपारची खोली म्हणत. आसपासच्या आठ-दहा म्हाताऱ्या तिथे जमायच्या. पत्ते, विणकाम, वर्तमानपत्राचं मोठ्याने वाचन, एकमेकींच्या सुनांची निंदा. दवाखान्यातली सिस्टर चारला येऊन सगळ्यांचा रक्तदाब बघून जायची. सासूबाई आठ वर्षं तिथे जात होत्या. त्या तिथे कुणाची निंदा करत, हे बाईंनी कधी विचारलं नव्हतं.

आणि या वर्षी विद्यार्थ्यांच्या वाट्याला आली होती तीच खोली.

आता हा प्रकार काय होता ते सांगायला हवं. कॉलेजात एका लांब व्हरांड्याच्या या टोकाला डिझाइन विभाग आणि त्या टोकाला सार्वजनिक धोरण विभाग. डिझाइनवाल्यांना वाटायचं, धोरणवाल्यांना सरळ रेघ ओढता येत नाही. धोरणवाल्यांना वाटायचं, डिझाइनवाल्यांना सरळ विचार करता येत नाही. दोघांचंही थोडंथोडं खरं होतं. सात वर्षांपूर्वी या दोन विभागांची मोट बांधून एक संयुक्त अभ्यासक्रम सुरू झाला. नाव भलं मोठं होतं, पण मतलब एवढाच, की एखादी सार्वजनिक जागा घ्यायची, तिथल्या लोकांना बोलवायचं, त्यांना काय हवं ते विचारायचं आणि त्याप्रमाणे आराखडा करून नगरपालिकेला द्यायचा. डिझाइनवाल्यांनी आराखडे काढायचे आणि सभा भरवायची. धोरणवाल्यांनी मतं मोजायची आणि अहवाल लिहायचा. डिझाइनकडून बाई होत्या आणि धोरणाकडून टक्केसर. हे सर असे, की पोट दुखलं तरी किती टक्के दुखतंय ते सांगतील. माणूस सरळ होता पण.

अहवाल जायचा तो वॉर्डाच्या साहेबांकडे. साहेब तो दोन्ही हातांनी घ्यायचे, पहिलं पान उलटायचे आणि म्हणायचे, "बघू." सात वर्षं, सात अहवाल, सात वेळा बघू. विद्यार्थी त्यांना बघूसाहेबच म्हणत. त्यामुळे काय झालं होतं, की सगळ्यांनाच सवय झाली होती. लोकांना विचारायचं, लोकांनी सांगायचं, आणि कुणाच्याही केसाला धक्का लागायचा नाही. असं शिक्षण फार सुखाचं असतं.

या वर्षी वरून हुकूम आला, की कॉलेजच्या सभेत जे ठरेल ते त्याच तिमाहीत अमलात आणावं. बघूसाहेब स्वतः कॉलेजात आले, चहा प्याले आणि म्हणाले, "करू." टक्केसरांचे डोळे पाणावले. बाई म्हणाल्या, "बरं झालं."

आराखडे तीन होते. पहिला, दुपारची खोली तशीच ठेवायची, फक्त खिडक्या मोठ्या करायच्या आणि पायऱ्यांशेजारी उतार बांधायचा. दुसरा, खोलीची अभ्यासिका करायची, चाळीस टेबलं, चाळीस दिवे, परीक्षेच्या मुलांसाठी. तिसरा, दवाखान्याचं औषधांचं कोठार. तिन्ही कागद खोलीच्या भिंतीवर लागले. येईल त्याला तीन ठिपके. तिन्ही एकाच आराखड्यावर लावा नाहीतर वाटून लावा, ज्याची त्याची मर्जी.

अभ्यासक्रमाचा एक कडक नियम होता, आणि तो बाईंनीच घातला होता. सभेत शिक्षकांनी तोंड उघडायचं नाही. मान डोलवायची नाही, हसायचं नाही, कुणाकडे बघायचंही नाही. शिक्षकाची भुवई वर गेली तरी चार मतं इकडची तिकडे होतात, असं त्या पहिल्याच तासाला शिकवत. सभेच्या दिवशी त्या उशिरा पोचल्या आणि भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. खोली भरली होती. म्हाताऱ्या आधीपासूनच तिथे होत्या, खोली त्यांचीच होती. सासूबाई दुसऱ्या रांगेत होत्या.

लोक उठले, ठिपके लावू लागले. यंदा कोंडी लवकर फुटली होती. सासूबाईंची पाळी आली तेव्हा त्या आराखड्यांसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. तीन बोटांवर तीन ठिपके चिकटलेले. मग त्यांनी मान वळवून बाईंकडे पाहिलं. बाईंनी नियमाप्रमाणे नजर खाली घातली आणि फरशीकडे बघत राहिल्या. फरशीला एक तडा होता, तो कुठवर जातो ते त्यांनी पाहून घेतलं. वर पाहिलं तेव्हा सासूबाई जागेवर बसलेल्या होत्या.

संध्याकाळी धोरणाच्या मुलांनी मोजणी केली. अभ्यासिकेला त्रेसष्ट, दुपारच्या खोलीला पंचेचाळीस, कोठाराला अठरा. सोमवारी बघूसाहेबांची सही झाली. खोली महिनाअखेरीला बंद होणार, एक तारखेपासून सुतारकाम सुरू.

बाईंनी घरी येऊन सांगितलं, "आई, खोली जाणार तुमची."

"ऐकलं," सासूबाई म्हणाल्या. "दूध उतू जातंय बघ."

बाईंनी गॅस बंद केला. आपल्याला वाईट वाटायला हवं, असं त्यांच्या मनात आलं खरं. पण ते एखाद्या कामाची आठवण यावी तसं आलं आणि गेलं.

दहा दिवसांनी अहवालासाठी फोटो काढायचे म्हणून त्यांनी आराखड्यांच्या गुंडाळ्या सोडल्या. अभ्यासिकेचा कागद टेबलावर पसरला आणि चार कोपऱ्यांना चार पुस्तकं ठेवली. लाल ठिपक्यांचा दाट पुंजका होता. त्याच्या बरोब्बर मध्ये सहा ठिपक्यांवर शिसपेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या.

त्यांनी इतर दोन कागद पाहिले. त्यांच्यावर एकही रेघ नव्हती.

वर्गातल्या मुलीला बोलावलं, जिच्याकडे ते काम होतं. ती भडभडा बोलू लागली. "मॅडम, मी दोन-दोनच लावणार होते. पण त्या आज्या आधीच येऊन बसलेल्या, माझ्याकडे टक लावून बघत होत्या. आणि बाहेरून लोक आलेच एकदम. दाराजवळ अभ्यासिकेचाच कागद होता. म्हटलं, कुठेही लावले तरी काढायचेच आहेत नंतर."

"मग काढले का नाहीत?"

"मोजणी धोरणवाल्यांची ना, मॅडम."

धोरणवाल्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "त्या रेघा होय? आम्हाला वाटलं, ते तुमच्या लोकांचं काहीतरी ड्रॉइंगमधलं असेल."

दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, तो असा. सात वर्षं बाईंनी विरजण कसं लावायचं ते डिझाइनच्या मुलांना शिकवलं होतं. व्हरांड्याच्या त्या टोकाला जाऊन ते कुणाला सांगावं, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आजवर चाललं, कारण कुणीतरी आठवणीने काढून टाकत होतं. आणि नसतील काढले कधी, तरी काय फरक पडला असता? बघूच म्हणणार होते.

त्या गुंडाळी घेऊन टक्केसरांकडे गेल्या. सरांनी चष्मा लावून सहाही रेघा तपासल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला. मग त्यांनी कागदाच्या कडेला हिशेब मांडला आणि रंग परत आला.

"त्रेसष्टातून सहा गेले, सत्तावन्न. खोलीला पंचेचाळीस. तरी बाराने अभ्यासिकाच पुढे आहे. सुटलो हो आपण! निकाल बदलत नाही. तळटीप देऊ. सहा नमुना ठिपके चुकून धरले गेले, ते वजा करूनही निष्कर्ष कायम."

"बरं," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला हायसं नाही वाटलं?"

बाईंनी जरा विचार केला. "वाटेल," म्हणाल्या.

त्या रात्री जेवताना त्यांनी सासूबाईंना ती गोष्ट सांगितली. मुद्दाम असं नाही. ताटं समोर होती, गोळीचं विचारून झालं होतं, आणि कधी नव्हे ते सांगण्याजोगं काही होतं. गंमत म्हणून सांगितली. मुलीने गडबडीत सहाच्या सहा एकाच कागदावर कसे लावले, धोरणवाल्यांना ते ड्रॉइंग कसं वाटलं, सरांचा चेहरा कसा पडला.

सासूबाईंचा घास हातातच राहिला. "म्हणजे ते तुझे नव्हते?"

"कोण?"

"ते ठिपके. पहिले. ती पोर लावत होती तेव्हा आम्ही तिथेच होतो ना. तुझ्या वर्गातली पोर, ओळखते मी तिला. म्हटलं, शिकवणारीने सांगितल्याशिवाय का लावतेय? सूनबाईला अभ्यासिका हवीय म्हणजे."

बाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "आई, तुम्ही कुठे लावलेत तुमचे?"

"तिथेच."

"तिन्ही?"

"तिन्ही. तुझ्याकडे बघितलं एकदा, विचारावं म्हणून. तू मान खाली घातलीस. म्हटलं, बरोबर आहे, चारचौघांत कसं सांगेल ती? आणि आमच्या बाकीच्यांनाही मीच सांगितलं. म्हटलं, बायांनो, माझ्या सुनेचं काम आहे, पहिल्यांदाच सरकारने ऐकलंय तिचं. आपल्या एका खोलीपायी खोडा नको. लावा तिथे. लावले सगळ्यांनी. एक जरा कुरकुरली, पण लावले."

"किती जणी होतात?"

"माझ्यासकट नऊ."

नऊ त्रिक सत्तावीस. बाईंना हिशेब करायचा नव्हता, तो आपोआप झाला. सत्तावन्नातून सत्तावीस गेले की तीस. पंचेचाळिसात मिळवले की बहात्तर. त्या खोलीत एकदाही न बसलेल्या शेजारपाजाऱ्यांनी ती म्हाताऱ्यांसाठी वाचवायला पंचेचाळीस ठिपके लावले होते, आणि म्हाताऱ्यांनी स्वतःच्या हाताने ती घालवली होती. विरजण लागलं होतं, अगदी घट्ट. आता त्यातून चमचा परत काढून दूध कुठे मिळतं?

"तुम्हाला खोली हवी होती, तर सांगायचं ना," त्या म्हणाल्या.

"जेव तू," सासूबाई म्हणाल्या. "गार होतंय."

दुसऱ्या दिवशी बाईंनी टक्केसरांना सगळं सांगितलं. सरांनी पेन उचललं, मग तसंच खाली ठेवलं. "याची तळटीप होत नाही," ते म्हणाले. आणि उठून त्यांच्याबरोबर वॉर्डाच्या कचेरीत आले.

बघूसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. बाईंनी पुन्हा सभा घ्यायची मागणी केली. या वेळी विरजण नाही, काही नाही, कोरा कागद.

"मॅडम," साहेब म्हणाले, "सात वर्षं मी बघू म्हणत होतो, तर तुम्ही लोकांनी मला नावं ठेवलीत. मला माहितीये काय ठेवलंत ते. आता मी करू म्हणतोय, तर तुम्ही म्हणताय बघू."

"पण ती मतं खरी नाहीत."

"त्या आज्यांचा हात कुणी धरला होता का?"

"नाही."

"स्वतःच्या हाताने लावले?"

"हो."

"मग? लोकांनी कुणाचं ऐकून मत द्यायचं नाही, असा नियम आहे का? असेल तर आमच्या निवडणुकाच बंद कराव्या लागतील." साहेब स्वतःच्याच विनोदावर हसले आणि लगेच गंभीर झाले. "आणि एक सांगू का, राग मानू नका. तुमच्याच सासूबाई तिथे जातात. पुन्हा सभा घेऊन खोली राहिली, तर लोक काय म्हणतील? टेबलांची ऑर्डर गेलीय. आज्यांसाठी पलीकडच्या वॉर्डात केंद्र आहे. दोन बस बदलाव्या लागतात, एवढंच."

टक्केसर मध्ये म्हणाले, "साहेब, आकडा बरोबर आहे. पण तो त्यांचा नाही."

"मग कुणाचा आहे?"

सरांनी चष्मा काढून पुसला. बाईंना उत्तर येत होतं, पण त्यांनी ते दिलं नाही. बाहेर आल्यावर सर हळहळत राहिले. बाई नुसत्या चालत होत्या. आपण भांडलो, ते नीट भांडलो का, अजून काही बोलायला हवं होतं का, असलं काहीच त्यांच्या डोक्यात येत नव्हतं. रस्ता ओलांडायचा होता, तो त्यांनी दोन्हीकडे बघून ओलांडला.

महिनाअखेरीला खोली बंद झाली. सासूबाई विणकामाच्या सुया, पत्त्यांचा जोड आणि एक उशी घेऊन घरी आल्या. उशी धुऊन वाळत घातली.

सुतारकाम सुरू झालं त्या आठवड्यात एका दुपारी बाई वर्गात उभ्या राहून शिकवत होत्या. विषय होता, जे बोलत नाहीत त्यांचं ऐकायचं कसं. पंचवीस वर्षं शिकवत आलेला तास. फळ्यावर तीन मुद्दे लिहिले होते, चौथा लिहायला हात वर गेला आणि तिथेच थांबला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मुलं थोडा वेळ थांबली, मग आपसात कुजबुजू लागली. बाईंनी खडू ठेवला, डोकं दुखतंय असं धादांत खोटं सांगितलं आणि दोनला घरी निघाल्या.

घराला कुलूप होतं. आठ वर्षं रोज असायचं तसंच; खोली बंद झाल्यावरही ते असतं, हे आज पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं.

आत जाऊन त्यांनी हाक मारली, कुलूप बाहेरून होतं हे माहीत असूनही. सासूबाईंच्या खोलीत पलंग आवरलेला, चादरीला एक सुरकुती नाही. पिशवी नव्हती, चपला नव्हत्या. सवयीने दवाखान्यात गेल्या असतील म्हणून बाई तिकडे गेल्या. खोलीत दोन सुतार माप घेत होते, लाकडाचा भुसा उडत होता. सिस्टर म्हणाली, "नाही हो, इकडे कुणीच येत नाही आता." पलीकडच्या वॉर्डातल्या केंद्रात फोन लावला, तर तिथे असं कुणी आलेलं नव्हतं.

परत येताना त्या गल्लीच्या तोंडाशी आल्या. समोर बसचा थांबा होता. पत्र्याचं छप्पर, खाली लोखंडी बाक. रोज दोनदा त्या त्याच्यावरून जात होत्या, पण बाकावर कोण बसलंय ते कधी पाहिलं नव्हतं. बाकाच्या एका टोकाला सासूबाई बसल्या होत्या. अंग चोरून, पिशवी मांडीवर, पाय जुळवलेले. एक बस आली, थांबली, गेली. सासूबाई उठल्या नाहीत.

बाई रस्ता ओलांडून गेल्या. "आई, इथे काय करताय?"

सासूबाई चोरी पकडली गेल्यासारख्या दचकल्या. "तू आज लवकर कशी?"

"कुठे निघालात?"

"कुठे नाही. बसलेय."

"कधीपासून?"

"एक वाजल्यापासून. सावली असते इथे."

"रोज?"

सासूबाईंनी पिशवीचे बंद सरळ केले. "खोली बंद झाल्यापासून."

"अहो, पण घर आहे ना आपलं! घरी का नाही बसत?"

"तू साडेतीनला येतेस," सासूबाई म्हणाल्या. "आल्यावर तुला घर मोकळं लागतं. तो होता तेव्हा त्याला एकदा म्हणाली होतीस, दिवसभर लोकांचं ऐकून डोकं पिकतं, घरी आल्यावर दोन तास कुणी समोर नको. मी आत होते, ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून त्या खोलीत जायला लागले. रागाने नाही हं. खरंच नाही. तुझंही बरोबरच होतं."

आठ वर्षं. त्या वाक्याची बाईंना आठवणही नव्हती.

"पण आता तर तो नाही," त्या कशाबशा म्हणाल्या. "आता दोघीच आहोत आपण."

"म्हणून तर." सासूबाई रस्त्याकडे बघत होत्या. त्यांचा आवाज अगदी सपाट होता, दुधाचं सांगताना असतो तसा. "तो होता तोवर मी त्याची आई होते. आता मी तुझी कोण? काही नाही. तू ठेवून घेतलंस, बोलली नाहीस एका शब्दाने. मी मनात म्हणते, हिची अडचण होता कामा नये. दिसलेच नाही फार, तर चालून जाईल. अडचण झाली, तर या वयात मी जाऊ कुठे?"

बाई बाकावर बसल्या. त्यांना लाज वाटली. छातीपासून कानांपर्यंत गरम लाज वाटली. नऊ महिन्यांत त्यांना पहिल्यांदा काही वाटलं, आणि ते दुःख नव्हतं, ही लाज होती. आपल्याच घरात एक बाई नऊ महिने अंग चोरून राहत होती आणि आपण तिला गोळी घेतली का एवढंच विचारत होतो. बोलायला हवं होतं. लोकांना बोलतं करायचे एकशे एक प्रकार त्यांना येत होते, पण स्वतःचं तोंड उघडेना.

त्यांनी सासूबाईंच्या मांडीवरची पिशवी उचलली आणि आपल्या मांडीवर घेतली. सासूबाई आधी सोडेनात, मग सोडली.

तेवढ्यात दुसरी बस आली. दार उघडलं. ड्रायव्हरने खाली वाकून पाहिलं. रोजची म्हातारी त्याच्या ओळखीची झाली असावी, कारण आज तिच्याबरोबर आणखी कुणी बघून तो हसला.

"काय आजी, आज तरी येताय का? कुठे जायचंय?"

सासूबाईंनी बाईंकडे पाहिलं. सभेत पाहिलं होतं तसंच, विचारावं म्हणून. या वेळी बाईंनी नजर खाली घातली नाही.

"कुठे नाही," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या, जरा जास्तच मोठ्याने. "आम्ही दोघी इथेच राहतो."